पाथ म्हणजे अक्षरांची ओळ नव्हे: फाईलच्या पत्त्यांची तुलना आणि क्रम

आजचा विषय ऐकायला अगदी साधा आहे. फाईलचे दोन पाथ दिले, तर ते एकच आहेत का हे कसं ठरवायचं? आणि पाथची यादी दिली, तर ती रांगेत कशी लावायची? प्रोग्रामिंग शिकणारा पहिल्याच महिन्यात म्हणतो, त्यात काय, दोन स्ट्रिंग घ्या आणि तपासा, यादी घ्या आणि सॉर्ट करा. बहुतेक वेळा चालतंही. जेव्हा चालत नाही तेव्हा प्रोग्राम कसलीही तक्रार न करता चुकीचं उत्तर देतो. म्हणून यावर एक अख्खं व्याख्यान.

भाषा मुख्यतः पायथॉन घेऊ, कारण इथल्या बऱ्याच जणांना ती येते. उदाहरणं मात्र दापोड्याची घेऊ. भिवंडी तालुक्यातलं हे गाव, मुंबई-नाशिक महामार्गावरच्या मानकोली नाक्याजवळचं. आजूबाजूला वळ, पूर्णा, काल्हेर, राहनाळ. हा सगळा पट्टा गोदामांचा. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर पण मुंबईच्या उंबरठ्यावर, म्हणून इथे माल साठू लागला. १ जुलै २०१७ला वस्तू व सेवा कर आला, मुंबईची जकात गेली, गोदामं मात्र राहिली. आणि जिथे गोदाम तिथे पत्त्यांचं जंजाळ: गाळा नंबर, बिल्डिंग, कंपाउंड, गाव, तालुका, जिल्हा.

आपल्या टपालाच्या पत्त्याची ओळ लहानाकडून मोठ्याकडे जाते: आधी गाळा, शेवटी जिल्हा. फाईलचा पाथ उलटा, मोठ्याकडून लहानाकडे: ठाणे/भिवंडी/दापोडे/बिल्डिंग-अ/गाळा-७. पण दोन्हींत एक गोष्ट समान आहे. पत्ता ही नावांची साखळी असते. पोस्टमन पत्ता अक्षर-अक्षर जुळवत नाही. तो गाव बघतो, मग कंपाउंड, मग बिल्डिंग. स्ट्रिंग म्हणून तुलना करणारा प्रोग्राम नेमकं पहिलं काम करतो, अक्षर-अक्षर जुळवतो. तिथून सगळं सुरू होतं.

आधी आकड्यांचं बघू, कारण त्यात माणसाचं नुकसान सर्वांत लवकर होतं.

समजा, एका गोदामात रोजंदारीवर माल चढवणारे-उतरवणारे लोक आहेत. मुकादम रोज संध्याकाळी हजेरी कॉम्प्युटरवर भरतो. मार्चच्या फोल्डरमध्ये हजेरी-१, हजेरी-२ अशा फाईली पडत जातात. एक छोटा प्रोग्राम रोज रात्री यादी सॉर्ट करतो, शेवटची फाईल उचलतो आणि मजुरीच्या हिशोबाला पाठवतो. पहिले नऊ दिवस सगळं ठीक. ज्याने प्रोग्राम लिहिला त्याने आठवडाभर तपासून बघितला, खूश झाला, गेला. दहाव्या दिवशी काय होतं? स्ट्रिंग म्हणून क्रम असा लागतो: १, १०, २, ३ … ९. पहिलं अक्षर १ हे ९पेक्षा लहान, म्हणजे १० हे ९च्या आधी. तेवढ्यावर निकाल लागतो, पुढचं शून्य कुणी बघतही नाही. ११, १९, २५, ३१, सगळे ९च्या आधी. म्हणजे १० तारखेपासून ३१पर्यंत, तब्बल २२ दिवस, रोज ९ तारखेचीच हजेरी हिशोबाला जाते. जो माणूस ९ला आजारी होता तो पुढचे २२ दिवस कागदोपत्री गैरहजर. जो ९ला आला आणि नंतर गावी गेला, त्याची मजुरी चालू. आणि कुठेही एरर नाही.

यात फसायला आणखी एक कारण आहे. विंडोजमध्ये फोल्डर उघडून बघा. नावांत इंग्रजी आकडे असतील तर ९च्या पुढे १० नीट दिसतो. विंडोज एक्सपीपासून एक्सप्लोरर नावांतले आकडे संख्या म्हणून वाचतो. म्हणजे माणसाला पडद्यावर दिसणारा क्रम वेगळा आणि प्रोग्रामने लावलेला वेगळा. ऑफिसातला माणूस शपथेवर सांगेल की फाईली बरोबर लागल्या आहेत, आणि त्याच्या डोळ्यांपुरतं ते खरंच असतं.

काही जण तर सॉर्टसुद्धा करत नाहीत. फोल्डरमधली नावं मागितली की ज्या क्रमाने येतील तोच क्रम धरून चालतात. पायथॉनचं दस्तऐवज स्पष्ट सांगतं की हा क्रम काहीही असू शकतो. विंडोजच्या एनटीएफएसवर तो बहुधा वर्णक्रमाने येतो, लिनक्सच्या ईएक्सटी४वर कसाही येतो. त्यामुळे एका मशीनवर वर्षभर चाललेला प्रोग्राम दुसऱ्यावर वेगळं उत्तर देतो. हे काही फक्त गोदामात घडत नाही. २०१४मध्ये ‘नेचर प्रोटोकॉल्स’मध्ये रसायनशास्त्रातल्या गणितासाठी काही पायथॉन स्क्रिप्ट प्रसिद्ध झाल्या होत्या. त्या जोडीने येणाऱ्या फाईली वाचताना ऑपरेटिंग सिस्टिमने दिलेल्या क्रमावर विसंबून होत्या. २०१९मध्ये हवाई विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की त्याच फाईलींवर तीच स्क्रिप्ट वेगवेगळ्या सिस्टिमवर वेगवेगळे आकडे देते. पाच वर्षं लोकांनी त्या वापरल्या होत्या. इलाज काय होता? यादी सॉर्ट करणारी एक ओळ.

हजेरीच्या प्रश्नाला स्वस्त इलाज आहे: नाव देतानाच ०१, ०२, ०९ असं लिहा, आणि तारीख असेल तर वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, २०२४-०३-०९. मग स्ट्रिंगचा क्रम आणि काळाचा क्रम एकच होतो. महिन्याचं नाव अक्षरात लिहू नका, नाहीतर एप्रिल वर्षाच्या सुरुवातीला येतो आणि सप्टेंबर शेवटाला. पण हा इलाज नाव आपल्या हातात असेल तरच. गाळ्यांचे नंबर ९९च्या पुढे गेले की दोन अंकही पुरत नाहीत.

नाव आपल्या हातात नसेल, तर सॉर्टला ‘की’ द्यायची. म्हणजे प्रत्येक नावाचे अक्षरांचे आणि आकड्यांचे तुकडे करायचे, आकड्यांच्या तुकड्यांना संख्या करायचं, आणि त्या तुकड्यांची तुलना करायची. पायथॉनच्या रेग्युलर एक्सप्रेशनने आकड्यांवर तोडताना आकडे कंसात पकडले, तर तुकडे नेहमी अक्षर, आकडा, अक्षर असेच येतात. नाव आकड्याने सुरू झालं तर पहिला तुकडा रिकामा येतो. त्यामुळे संख्येची तुलना अक्षराशी कधी होत नाही. अशी तुलना झाली असती तर पायथॉनने हात वर केले असते.

आपल्याकडे यात आणखी एक मजा आहे. एक कारकून ‘१०’ देवनागरीत टंकतो, दुसरा इंग्रजीत. युनिकोडमध्ये इंग्रजी आकड्यांचे क्रमांक ४८ ते ५७, देवनागरीचे २४०६ ते २४१५. साध्या सॉर्टमध्ये इंग्रजी आकड्यांच्या सगळ्या फाईली आधी, देवनागरीच्या सगळ्या नंतर, पंक्तीच वेगळ्या. पायथॉन इथे शहाणा आहे. त्याला दोन्ही आकडे कळतात आणि दोन्हींची संख्या तो बरोबर करतो. जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्सप्रेशनला देवनागरी १० हा आकडा वाटतच नाही. मराठी नावं असलेल्या फाईलींसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्याने हे पहिल्या दिवशी तपासावं.

आणि ही ‘की’ फक्त रांगेसाठी आहे, हे ध्यानात ठेवा. हजेरी-९ आणि हजेरी-०९ या दोन्हींची की एकच येते. तुम्ही तीच की वापरून ‘एकसारख्या’ फाईली गाळल्या, तर एक खरी फाईल गेली. रांगेत बरोबरी झाली तर मूळ नाव बघून निकाल लावायचा. ओळख पटवायला की वापरायची नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ: तिरकी रेघ, स्लॅश.

तीन पाथ घ्या:

दापोडे
दापोडे/यादी
दापोडे-जुने

एक फोल्डर, त्याच्या आतली एक फाईल, आणि शेजारचं दुसरं फोल्डर. स्ट्रिंग म्हणून सॉर्ट करा. क्रम येतो: दापोडे, मग दापोडे-जुने, मग दापोडे/यादी. घर आणि घरातलं माणूस यांच्या मधोमध शेजारी येऊन बसला! कारण असं की हायफनचा क्रमांक ४५, टिंबाचा ४६ आणि स्लॅशचा ४७. मोकळी जागा तर ३२. म्हणजे नावात मोकळी जागा, कंस, स्वल्पविराम, हायफन किंवा टिंब आलं की ते नाव स्लॅशच्या आधी जाऊन बसतं. आणि आपण फोल्डरला नावं देतो ती अशीच: ‘दापोडे जुने’, ‘दापोडे (२)’. एखादा प्रोग्राम जर असं धरून चालला असेल की फोल्डरच्या लगेच मागे त्याचीच पोरंबाळं येतील आणि दुसरं काही दिसलं की फोल्डर संपलं, तर तो दापोडे-जुने बघून थांबतो आणि खरी यादी वाचतच नाही.

विंडोजवर स्लॅश उलटा, त्याचा क्रमांक ९२. इंग्रजी आकडे आणि इंग्रजी कॅपिटल अक्षरंही त्याच्याआधी येतात. म्हणून लिनक्सवर ‘गाळा’ या फोल्डरातल्या फाईली आधी आणि इंग्रजी दोन लावलेल्या ‘गाळा२’मधल्या नंतर, तर विंडोजवर नेमकं उलट. तीच नावं, तोच प्रोग्राम.

यातून बाहेर पडायचा रस्ता म्हणजे पाथला पाथ म्हणूनच वागवायचं. पायथॉनमध्ये पाथलिब हे मॉड्यूल आहे. त्यातल्या पाथ ऑब्जेक्टची यादी सॉर्ट केली की आधी पाथचे भाग पडतात आणि मग भागाशी भाग जुळवला जातो. दापोडे हा एक भाग, दापोडे-जुने हा दुसरा. स्लॅश हा अक्षर म्हणून मैदानात उतरतच नाही. क्रम बरोबर लागतो: दापोडे, दापोडे/यादी, दापोडे-जुने. रस्टमध्येही तसंच. सी प्लस प्लसच्या २०१७च्या मानकात जो पाथ आला, तोही भागवार तुलना करतो. जावाची गंमत वेगळी: तिथे ‘हा पाथ त्या पाथने सुरू होतो का’ हा प्रश्न भागवार सोडवला जातो, पण युनिक्ससारख्या सिस्टिमवर क्रम मात्र बाइटवार लागतो. एकाच वर्गात दोन न्याय. म्हणून भाषा बदलली की हे तपासून घ्या.

श्रोत्यांतून एक प्रश्न आला की जमिनीच्या कागदांचे स्कॅन ठेवायचे असतील तर? छान प्रश्न आहे, कारण सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर हे स्वतःच एक पाथ आहेत. सर्व्हे नंबर ४५, हिस्सा २ हे आपण ४५/२ लिहितो, पोटहिस्सा असेल तर ४५/२/अ. पण फाईलच्या नावात स्लॅश चालत नाही. लिनक्सवर ‘७/१२’ या नावाने फाईल ठेवायला गेलात, तर सिस्टिम ‘७’ नावाचं फोल्डर शोधेल आणि त्यात ‘१२’ नावाची फाईल. सातबारातली ती रेघ म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ यांची जोडी. आत-बाहेरचा तिथे काही संबंध नाही. कॉम्प्युटरला हे कोण सांगणार? मग लोक स्लॅशच्या जागी हायफन घालतात: ४५-२, ४५-१०, ४५-२-अ. चालेल, पण मग क्रम लावताना हायफनवर तोडून, आकड्यांना संख्या करूनच तुलना करा. नाहीतर हिस्सा १० हा हिस्सा २च्या आधी येणार, आणि हिस्सा २चा पोटहिस्सा भलत्याच्या शेजारी.

आता ‘आत आहे का’ हा प्रश्न. हा रांगेपेक्षा धोक्याचा, कारण याच्या उत्तरावर आपण फाईली पुसतो.

समजा, एका व्यापाऱ्याने गोदाम सोडलं आणि त्याच्या कागदांचं फोल्डर काढून टाकायचं आहे: /गोदाम/दापोडे. प्रोग्राम सगळे पाथ बघतो आणि जो ‘/गोदाम/दापोडे’ या अक्षरांनी सुरू होतो तो पुसतो. ‘/गोदाम/दापोडे-जुने’ हाही त्याच अक्षरांनी सुरू होतो. दुसऱ्याच कुणाची बिलं गेली, आणि ती वर्षाअखेरीस ऑडिटला मागितली जाईपर्यंत कुणाला पत्ताही लागत नाही. उपाय म्हणून शेवटी स्लॅश जोडून तपासता येतं, पण त्याहून बरं पाथलिबला विचारणं. पायथॉन ३.९पासून त्यात यासाठी सोय आहे आणि ती भागवार बघते.

अक्षरवार मोजणीचा एक नमुना तर पायथॉनमध्येच जुन्या काळापासून बसला आहे. अनेक पाथचा समान आरंभ काढणारं कॉमनप्रीफिक्स हे फंक्शन अक्षरं मोजतं. त्याला भिवंडीचं दापोडे आणि पुण्याची दापोडी द्या. उत्तर येतं ‘दापोड’. या नावाचं गाव दोन्हीकडे नाही! मात्रा वेगळी आणि व्यंजन वेगळं, म्हणून देवनागरीत हा प्रकार अधिकच विचित्र दिसतो. पायथॉन ३.५मध्ये कॉमनपाथ आलं, ते भागवार चालतं. तेच वापरा.

पण भागवार तपासूनही एक चोरवाट उरते. /गोदाम/दापोडे/../वळ. दोन टिंबं म्हणजे एक पायरी वर. हा पाथ दापोड्याने सुरू होतो आणि वळमध्ये पोचतो. पाथलिबला विचारलं, दापोड्याच्या आत आहे का, तर ते हो म्हणतं, कारण ते फक्त लिहिलेलं वाचतं. मग ही दोन टिंबं पाथलिब स्वतःच का छाटत नाही? एकेरी टिंब छाटतं, दुहेरी स्लॅश एक करतं, मग हेच का सोडतं? कारण मधलं फोल्डर सिमलिंक असू शकतं, म्हणजे दुसरीकडे नेणारी पाटी. पाटीवरून आत गेल्यावर ‘एक पायरी वर’ म्हणजे पाटीच्या घरातून वर नव्हे, पोचलेल्या घरातून वर. ते डिस्कवर जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणून बाहेरून आलेला पाथ आधी रिझॉल्व्ह करायचा, म्हणजे प्रत्यक्ष डिस्कवर चालत जाऊन खरा पत्ता काढायचा, आणि मगच आत-बाहेर तपासायचं.

सी प्लस प्लसवाल्यांसाठी एक ओळ: तिथे शेवटी स्लॅश असलेला ‘दापोडे/’ आणि नुसता ‘दापोडे’ हे समान नाहीत. पायथॉन आणि रस्टमध्ये आहेत.

आता ‘एकच नाव’ या प्रश्नाकडे, कारण इथे मराठीची स्वतःची अडचण आहे. इंग्रजीवाल्यांना कॅपिटल-स्मॉलचा त्रास: विंडोजला दोन्ही सारखे, लिनक्सला वेगळे. देवनागरीत तो प्रश्नच नाही, त्यामुळे आपण निर्धास्त असतो. पण ‘दुसऱ्या पाळीची यादी’ हे नाव घ्या. त्यातला अर्धा ऱ तीन प्रकारे लिहिता येतो. एक, युनिकोडमध्ये ऱसाठी वेगळा संकेत आहे, तो वापरून: दुसऱ्या. दोन, साधा र आणि त्याला नुक्ता. तीन, साधा र, हलन्त, आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह: दुसर्‍या. पडद्यावर तिन्ही बहुधा सारखेच. लिनक्सवर या तीन वेगळ्या फाईली आहेत आणि एकाच फोल्डरात सुखाने राहू शकतात.

पहिले दोन प्रकार युनिकोडच्या मते समान आहेत. नॉर्मलायझेशन केलं की ते एक होतात. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाईल सिस्टिम तर नाव साठवतानाच अक्षर फोडून ठेवायची. त्यामुळे तिथून आलेलं नाव तुम्ही टंकलेल्या नावाशी बाइटवार जुळेलच असं नाही. तिसरा प्रकार मात्र नॉर्मलायझेशनने जुळत नाही, आणि मराठीत तो भरपूर वापरात आहे, कीबोर्डवर अवलंबून. त्यासाठी तुलनेआधी आपला स्वतःचा नियम लावावा लागतो: हलन्त र आणि जोडचिन्ह दिसलं की त्याचा ऱ करा. हा नियम तुलनेपुरता ठेवा. डिस्कवरचं नाव मागताना जसंच्या तसं मागा, नाहीतर फाईल डोळ्यांसमोर आहे आणि प्रोग्राम म्हणतोय ‘सापडली नाही’, असा प्रसंग येतो.

क्रमातही मराठीचं एक गाऱ्हाणं आहे. वळ आणि वसई. युनिकोडमध्ये ळचा क्रमांक २३५५, सचा २३६०, म्हणून साध्या सॉर्टमध्ये वळ आधी. आपण शाळेत शिकलो त्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, म्हणजे वसई आधी आणि वळ नंतर. छापील यादीत नाव शोधणाऱ्या माणसासाठी ही यादी असेल, तर आयसीयूसारख्या लायब्ररीतले मराठीचे नियम वापरा, पण अख्ख्या पाथवर लावू नका; प्रत्येक भागावर वेगळे लावा. भाषेचे नियम विरामचिन्हांना कमी महत्त्व देऊ शकतात, आणि मग स्लॅशच हरवतो. यादी फक्त दुसऱ्या प्रोग्रामला द्यायची असेल, तर भाषेच्या भानगडीत न पडता भागवार कोड-क्रम ठेवा. तो आज लागतो तसाच पुढच्या वर्षी आणि दुसऱ्या मशीनवर लागतो. आमचा कल नेहमी असा की साठवताना एक क्रम, दाखवताना दुसरा. एकाच क्रमाने दोघांनाही खूश करायला जाऊ नये.

शेवटचा प्रश्न उरला: नावं वेगळी, पण जागा एकच आहे का? गोदामावरची पाटी बदलते, कंपाउंडचं नाव बदलतं, पण खालच्या जमिनीचा सर्व्हे नंबर तोच असतो. फाईललाही असा नंबर आहे, त्याला आयनोड म्हणतात. पायथॉनमधलं सेमफाईल हे फंक्शन दोन्ही पाथ डिस्कवर जाऊन बघतं आणि आयनोड क्रमांक व डिस्कचा क्रमांक दोन्ही जुळतात का ते सांगतं. डिस्कचा क्रमांकही लागतो, कारण ४५ नंबरचा सर्व्हे दापोड्यातही असेल आणि वळमध्येही. त्यासाठी दोन्ही फाईली अस्तित्वात मात्र हव्यात. अजून लिहायच्या फाईलबद्दल हे विचारता येत नाही. आणि हार्ड लिंक असेल तर दोन नावांचा आयनोड खरोखर एकच असतो. सेमफाईल हो म्हणेल, पण तुम्ही एक नाव पुसलंत तरी दुसऱ्या नावाखाली मजकूर जागेवरच राहतो. डिस्कवर जागा करायला म्हणून फाईली पुसणाऱ्यांनी आधी त्या फाईलला अशी किती नावं आहेत ते बघावं. तो आकडाही सिस्टिम देते.